डाव्या डोळ्याचं पाणी

किस्से कुणी जमवत नाही. तान्ह्या बाळाच्या डोळ्यात चिपडं धरतात तसे ते आपोआप धरतात. रात्री स्वच्छ पुसून झोपवा, सकाळी कोपऱ्यात पुन्हा हजर! आमच्या घरात तर दोन्ही एकदमच सुरू झालं. फाल्गुनात आमच्या नातीला, जयवंतीला, मुलगा झाला आणि आठवड्याच्या आत त्याचा डावा डोळा चिकटला. तेव्हापासून आमच्या पाड्यावर काय काय झालं ते मी चहाला बसलो की सांगतो. मी हळू बोलतो, त्यामुळं एका चहात एकच किस्सा होतो. इथं सगळे एकदम सांगून टाकतो.

जयवंतीचं सासर तलासरीकडं. पहिलं बाळंतपण म्हणून ती आमच्याकडं, कासाजवळच्या पाड्यावर, आलेली. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी मूल नव्हतं, म्हणून तिच्या सासूनं विवळवेढ्याच्या देवीला नवस केलेला. नातवाचा डोळा चिकटल्याचं कळलं तसा विहीणबाईंचा फोन आला, "आधी देवीच्या पायावर घालायचा, मग घरात घ्यायचा. आणि देवीपुढं पोर स्वच्छ डोळ्यानं गेलं पाहिजे. चिपडं घेऊन गेलो तर देवी म्हणंल, मी दिलेलं असं सांभाळलंत?"

म्हणजे डोळा निवळेपर्यंत जयवंती माहेरी! नवरा तिकडं, तिची शिलाई मशीन तिकडं, आणि ती इकडं बाळाचा डोळा बघत बसलेली. महेश, आमचा नातजावई, रविवारी मोटरसायकलवर यायचा, बाळाला घ्यायचा, डोळ्याकडं बघायचा आणि परत जायचा.

*

डोळा चिकटला त्याच दिवशी आम्ही कासाला डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात गेलो. बाई चांगल्या. म्हणाल्या, "लगेच आणलंत ते बरं केलंत. इतक्या लहान बाळाच्या डोळ्यातून घाण आली की घरी उपाय करत बसायचं नाही. कधी कधी जन्माच्या वेळचं इन्फेक्शन असतं, त्यात डोळा जाऊ शकतो." मग त्यांनी बॅटरी लावून नीट बघितलं. डोळा पांढरा स्वच्छ होता, पापणी सुजलेली नव्हती. बाई म्हणाल्या, "डोळ्यातलं पाणी नाकात उतरायला एक बारीक नळी असते. काही बाळांची ती जन्मतः उघडलेली नसते. मग पाणी बाहेर येतं, सुकतं, त्याची चिपडं होतात."

माझा मुलगा मधू, जयवंतीचा बाप, बोअरवेलच्या पाइपचं काम करतो. तो एकदम खूश झाला. "म्हणजे लाइन चोक आहे!"

"तसंच समजा. इथं नाकाच्या मुळाशी स्वच्छ बोटानं हळूच दाबायचं आणि खाली उतरायचं. दिवसातनं दोनतीनदा. बहुतेकांची वर्षाच्या आत आपोआप उघडते. नाहीच उघडली तर तेव्हा बघू."

मधूनं यातलं 'वर्षाच्या आत' तेवढं धरलं. गावात ज्यानं त्यानं विचारलं त्याला तो सांगत सुटला, "घाबरायचं नाय. पोरगा वॉरंटीत आहे."

हे तलासरीला पोचलं. दुसऱ्या दिवशी विहीणबाईंचा फोन, "वॉरंटीत आहे ना? मग बदलून द्या!"

*

बाईंनी सांगितलेलं, पाणी उकळायचं, निवू द्यायचं, हात धुवायचे, कापसाचा बोळा त्यात बुडवून नाकाकडून कानाकडं एकदाच पुसायचं आणि बोळा टाकून द्यायचा. पुन्हा पुसायचं तर नवा बोळा.

आमच्या घरात पाण्याचं खातं गंगूचं. गंगू म्हणजे माझी बायको. तिनं चुलीवर पाणी ठेवलं, खळखळ उकळलं, झाकण ठेवलं. आणि मग झाकण काढून त्यात हातपंपाचं तांब्याभर गार पाणी ओतलं!

जयवंती ओरडली, "आजी! हे काय केलंस?"

"बाई म्हणाली ना, निवव."

"अगं, आपोआप निवू द्यायचं!"

"आपोआप निवायला दुपार होईल. पोर काय तोवर डोळा मिटून बसंल?"

जयवंतीनं ते ओतून दुसरं पाणी ठेवलं. ते निवायला खरंच दुपार झाली. पोर खरंच तोवर डोळा मिटून बसलं. झोपलं होतं!

*

पाण्याचं झालं, कापसाचं राहिलं. मी दवाखान्याजवळच्या दुकानातनं कापसाचं पुडकं आणलेलं, पण दर पुसण्याला नवा बोळा म्हटल्यावर ते गंगूच्या जिवाला लागलं. चैत्रात आमच्या मागच्या सावरीची बोंडं फुटतात, सगळ्या पाड्यावर कापूस उडतो. गंगू म्हणाली, "झाड दारात आणि कापूस विकत?"

मी म्हटलं, "तो उशीत भरायचा आहे."

"उशीला चालतं ते डोकं ठेवायला. डोळा डोक्यातच आहे ना?"

मी सावकाश उत्तर शोधत होतो, तोवर ती पाटीभर बोंडं घेऊन आलीसुद्धा. घरात बसून सोलायला लागली. सावरीचा कापूस कसा असतो ते ज्याला ठाऊक आहे त्याला पुढचं सांगायला नको. फुंकर लागली की उडतो. त्यात मधूनं पंखा लावला!

बाळ आत जयवंतीजवळ मच्छरदाणीत होतं म्हणून वाचलं. बाकी आम्ही सगळे डोळे चोळत बसलो. संध्याकाळी बाळाला दाखवायला कासाला जायचंच होतं. गंगूचे डोळे लाल, मधूचे लाल, माझ्या एका डोळ्यातनं धार, सूनबाई, मधूची बायको, डोळ्याला पदर धरून. डॉक्टरबाईंनी दारातच आमच्याकडं बघितलं आणि विचारलं, "यातला पेशंट कोण?"

*

विहीणबाईंच्या घरी रीत अशी की नव्या बाळाला पहिलं काजळ आत्यानं घालायचं आणि त्याबद्दल आत्याला साडी. महेशची बहीण त्यासाठी मुद्दाम आली. घरी तुपाच्या दिव्यावर धरलेलं काजळ, चांदीच्या डबीत. सगळं छान. पण डॉक्टरबाईंनी काजळाला सक्त मनाई केलेली. "घरचं असो नाहीतर दारचं, डोळ्यात काजळ, मध, दूध, काही म्हणजे काही जाता कामा नये."

जयवंती हात जोडून म्हणाली, "वन्सं, डोळ्यात नको."

"मग कपाळावर लावते."

"त्याचा हात कपाळावर जातो आणि तोच डोळ्यावर."

"तळपायाला?"

"तळपाय तर उद्या तोंडात घालेल!"

आत्या रडायला लागली. साडी समोर ताटात ठेवलेली. म्हणाली, "काजळ घातल्याशिवाय मी साडी कशी घेऊ? आणि साडी न घेता घरी गेले तर आईला काय सांगू?"

तेव्हा गंगूनं माझ्याकडं बोट दाखवलं. "बाळाच्या वतीनं यांना घाला. घरातला सगळ्यात जुना मुलगाच आहे."

मी म्हातारा माणूस. पाटावर बसलो. आत्यानं माझ्या दोन्ही डोळ्यांत काजळ घातलं, कानामागं तीट लावली, कानशिलावर बोटं मोडली आणि साडी घेतली. सगळ्यांचं समाधान झालं.

पुढं मला चारोटीला मधूसाठी पाइपचा सांधा आणायला जायचं होतं. मी तसाच गेलो. दुकानदार तोंडाकडं बघत राहिला. शेवटी हळूच म्हणाला, "बाबा, नाटकाचे खेळ लागलेत का?"

मी म्हटलं, "नाही. बारसं."

"कुणाचं?"

मला सांगायला वेळ लागतो, आणि गिऱ्हाइकं खूप होती. मी सांधा घेऊन निघालो.

*

सोनीबाई आमच्या पाड्यावरची बाळंतिणींना आणि बाळांना तेल लावणारी. तिनं माझ्या मधूला चोळलं, जयवंतीला चोळलं. डॉक्टरबाईंनी नाकाशेजारी दाबायला सांगितलंय हे कळल्यावर तिला राग आला. "नाकं मी काढते या गावची! तुझं नाक सरळ कुणी केलं गं?"

जयवंती म्हणाली, "तूच केलंस, मावशी. पण हे नाकासाठी नाही. डोळ्याच्या नळीसाठी आहे."

"एकाच बाजूनं चोळायचं?"

"डावीच बंद आहे ना."

सोनीबाईनं कपाळाला हात लावला. "रोज एकाच बाजूनं दाबत राहिलीस तर नाक जाईल उजवीकडं! पोरगा जन्मभर बाजूला बघितल्यासारखा दिसंल. लग्नाला मुलगी कोण देईल?"

पोर महिन्याचं आणि तिला लग्नाची काळजी! पुढं असं ठरलं की जयवंती बाईंनी शिकवल्याप्रमाणं डावीकडं करणार, आणि सोनीबाई तेल लावायला आली की उजवीकडं एकदाच, नुसतं हलकं बोट फिरवणार. तिनं जाताना मला बजावलं, "लक्ष ठेव हां. बॅलन्स गेला नाय पाहिजे."

संध्याकाळी जयवंती ओटीवर बसायची. हात धुऊन, नख कापलेलं बोट बाळाच्या नाकाच्या मुळाशी ठेवायची आणि हळूच खाली ओढायची. मी जवळच असायचो. ती त्याच्याशी बोलायची, "उघड रे एवढं एक दार. मग आपण घरी जाऊ." बाळ तिच्याकडं बघून हसायचं. डाव्या डोळ्यातनं पाणी गालावर यायचं. ती ते पुसायची आणि बोळा टाकून दुसरा घ्यायची.

*

जयवंती रोज सासूला बाळाचा फोटो पाठवायची. एक दिवस तिच्या मोबाइलचं चार्जिंग गेलं म्हणून मधूनं त्याच्या मोबाइलवर, स्वतः बाळाला मांडीवर घेऊन, सेल्फी काढला आणि पाठवला. त्याच्या मोबाइलमध्ये सेल्फी आरशासारखा उलटा येतो. हे आम्हाला ठाऊक नव्हतं, विहीणबाईंना कुठून असणार?

त्यांनी बघितलं, काल डाव्या डोळ्यात घाण होती, आज उजव्या डोळ्यात! त्यांनी हिशेब केला, एक गेला आता दुसरा पण गेला.

दुपारच्या आत तलासरीहून जीप आमच्या दारात. जीपमधनं विहीणबाई, महेश, शेजारच्या चार बाया आणि सगळ्यात मागनं एक भगत उतरला. विहीणबाई चप्पल न काढता आत आल्या आणि बाळाला उचललं. उजवा डोळा बघितला. लख्ख! डावा बघितला. चिपडं!

"हे परत डाव्यात कसं गेलं?"

महेशनं दोन्ही फोटो शेजारी धरून समजावलं. त्यांना पटलं की नाही देव जाणे. त्या भगताला म्हणाल्या, "आलाच आहेस तर बघ आता."

भगत खाली बसला. बाळाच्या तोंडाकडं बराच वेळ बघितलं. मग नाकाशेजारी बोट धरून म्हणाला, "इथं दाबताय का?"

जयवंती म्हणाली, "हो. रोज."

"बराबर आहे. माझ्या नातवाला असंच होतं. कासाच्या बाईलाच दाखवलं. दाबत राहा, सुटतं."

विहीणबाई भडकल्या, "मग मघाशी घरी का नाय बोललास? तुला आणला कशाला एवढ्या लांब?"

भगत म्हणाला, "जीपमध्ये जागा होती."

जाताना विहीणबाईंनी बाळाचा मुका घेतला. जयवंतीनं पिशवी भरायला घेतलेली, ते त्यांनी बघितलं. पण म्हणाल्या, "दोन नाय, एकच आहे, हे चांगलं झालं. पण एक आहे ना अजून? निवळू दे, मग मी स्वतः न्यायला येते." जयवंतीनं पिशवीतली लुगडी परत खुंटीवर टाकली.

*

पाऊस सुरू झाल्यावर एक दिवस चिपडं पिवळी यायला लागली आणि डोळ्याच्या पांढऱ्यात लाली दिसली. बाईंनी आधीच सांगून ठेवलेलं, लाली आली, पापणी सुजली, पू आला, ताप आला, नाहीतर बाळ उजेडाकडं डोळा उघडेना, तर उद्यावर टाकायचं नाही. भरपावसात गेलो. बाईंनी थेंबांची बाटली दिली.

जयवंती वेळेवर थेंब घालायची. लाली दोन दिवसांत उतरली. पण बाटली फार लवकर संपत आली. बाईंनी तपासायला बोलावलेलं, त्या दिवशी बाळाला घेऊन मी आणि गंगू गेलो, जयवंतीला ताप होता. बाईंनी विचारलं, "थेंबांनी गुण आला का?"

गंगू म्हणाली, "आला तर! चांगला डोळा उघडून बघतो. उद्यापासून नांगराला जुंपणार."

बाईंनी बाळाकडं बघितलं. मग माझ्याकडं.

मग सगळं बाहेर आलं. शेजारच्या भिक्याच्या बैलाच्या डोळ्यातनं पाणी वाहायचं. गंगूला त्याची दया आली. "तो पण मुका, हा पण मुका," असं म्हणून ती सकाळ-संध्याकाळ गोठ्यात जाऊन दोन दोन थेंब घालत होती!

बाई खुर्चीवरनं उठल्या. "आजी, बाटलीचं तोंड बैलाच्या डोळ्याला लागलं होतं का?"

"मी कशाला लावू? तोच मान हलवायचा."

बाईंनी ती बाटली आमच्यासमोर कचऱ्यात टाकली, बाळाचा डोळा पुन्हा नीट तपासला आणि नवी बाटली लिहून दिली. एका माणसाचे थेंब दुसऱ्या माणसालासुद्धा घालायचे नसतात, हे गंगूला तीन वेळा म्हणायला लावलं. गंगूनं म्हटलं. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "बाई शिकलेली आहे, पण भिक्याच्या बैलाची तिनं साधी चौकशी केली नाय."

*

भादव्यात एक दिवस जयवंती सकाळी ओरडत बाहेर आली. मी घाबरलो. ती म्हणाली, "आजा, बघ! काही नाय!" खरंच, डावा डोळा उजव्यासारखा. दुसऱ्या दिवशी पण तसाच. तिसऱ्या दिवशीही. बाईंनी बघितलं, म्हणाल्या, "उघडली असावी नळी. वारं लागलं किंवा सर्दी झाली तर थोडं पाणी येईल मधेमधे. त्याला घाबरू नका."

हे 'मधेमधे' ऐकून आम्हीच जास्त घाबरलो. विहीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी येते. डोळ्यानं बघते, आणि चांगला असला तर तिथूनच देवीला."

त्या सकाळी आमच्या पाड्यावर कुणाला मोठ्यानं बोलायची परवानगी नव्हती. बाळ रडलं तर डोळ्यात पाणी येणार, पाणी आलं तर विहीणबाई परत जाणार! सोनीबाईला सांगितलं, आज अंघोळ नको, अंघोळीला तो रडतो. तिनं बिनअंघोळीचं पोर देवीला नेणार म्हणून मला शिव्या दिल्या, पण हळू आवाजात दिल्या. भिक्यानं कोंबडा टोपल्याखाली कोंडला. मधू रस्त्यावर उभा राहून येणाऱ्या मोटरसायकलींना हॉर्न नको म्हणून हात जोडत होता. वारं लागू नये म्हणून गंगू दारात आडवी चादर धरून उभी. चुलीचा धूर नको म्हणून चहासुद्धा झाला नाही. जयवंतीनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, पिशव्या भरून दारात ठेवल्या होत्या, आणि ती बाळाला घेऊन अशी बसली होती, जणू काठोकाठ भरलेला तांब्या मांडीवर आहे.

जीप आली. महेश खाली उतरला, पण पुढं यायला धजेना. विहीणबाई आल्या, या खेपेला चप्पल काढून. ओटीवर बसल्या आणि हात पुढं केले. जयवंतीनं बाळ त्यांच्या मांडीवर दिलं.

त्यांनी पदराला हात पुसले, बाळाचं तोंड उजेडाकडं वळवलं आणि वाकून बघितलं. उजवा डोळा. डावा डोळा. पुन्हा डावा. बाळ त्यांच्याकडं बघून खुदकन हसलं.

आणि डाव्या डोळ्यात एक थेंब भरला. भरत गेला, काठावर आला आणि गालावर उतरला.

गंगूच्या हातातली चादर खाली पडली. जयवंतीनं डोळे मिटून घेतले. मी काहीतरी बोलणार होतो, पण मला वेळ लागतो.

विहीणबाई त्या थेंबाकडं बघत होत्या. मी अगदी समोर बसलेलो. त्यांचे डोळे ठक्क कोरडे होते. त्यांनी पदराचं टोक घेतलं, आधी आपले दोन्ही डोळे नीट पुसले, मग दुसऱ्या टोकानं बाळाचा गाल टिपला आणि म्हणाल्या, "माझंच पडलं ते. चला, गाडीत बसा, देवीला उशीर होतो."